चौथ्या खुंट्याची मूठ

खोटं वाटलं तर खुशाल हसा. भय्यासाहेबही आधी हसलेच होते.

गेल्या डिसेंबरातला मंगळवार. दिवेलागणीची वेळ. ग्वारीघाटापलीकडचं त्यांचं लहानसं शेत.

भय्यासाहेबांची छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत गेली. रिकाम्या खुर्च्यांची त्यांना सवय होती.

रिकाम्या खुंट्याची नव्हती.

गोठ्यात खुंटे चार, गाई तीन. चौथा खुंटा तांबडीचा. मागल्या साली ती विताना गेली, वासरासकट. तेव्हापासून गडी पुंडलिक चाऱ्याचा गठ्ठा सोडला, की पहिली मूठ तिच्या गव्हाणीत टाकायचा.

पुंडलिक पुतणीच्या लग्नाला बालाघाटला गेला आणि चारा भय्यासाहेबांच्या हाती आला. यंदा मशीन लावून त्यांनी तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, चौकोनी गठ्ठे बांधून घेतले होते. विळ्याने सुतळी कापली, तीन गव्हाणी भरल्या.

"अन् तांबडीची मूठ?" त्यांच्या पत्नीनं, नंदाताईंनी विचारलं.

"अगं, जी हजरच नाही तिला भत्ता कशाचा?"

गाईंनी चाऱ्याला तोंड लावलं नाही.

बुधवारीही नाही.

तिघींतल्या चंपीचे दिवस भरले होते. उपाशी व्याली तर तीही तांबडीच्या वाटेनं जाणार. डॉक्टर येऊन गेले. ताप नाही, चाराही चांगला.

"काहून खाऊन नाही राहिली हो ही?" नंदाताईंनी चंपीच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं.

गुरुवारी संध्याकाळी भय्यासाहेब एकटेच गोठ्यात उभे होते. घंटा गप्प. शेपट्या गप्प...

आणि आवाज आला.

कर्र... कर्र...

कोणीतरी चावत होतं.

तिन्ही गाईंची तोंडं बंद होती. तिघी एकीकडेच बघत होत्या.

चौथ्या खुंट्याकडे.

गव्हाण रिकामी होती. पण तिचं कोरडं लाकूड... हळूहळू ओलं होत होतं.

भय्यासाहेबांनी पुंडलिकला फोन लावला. मागे लग्नाचा बँड वाजत होता.

"साहेब, तांबडीला पैली मूठ टाकून राहिले ना तुम्ही?"

"नाही रे."

 

"टाका. आत्ताच टाका जी."

त्यांनी मूठभर तणस टाकलं.  कर्र थांबलं. आणि तिन्ही गाईंनी एकदम मान खाली घातली, खायला.

शुक्रवारी पहाटे चंपी सुखरूप व्याली. कालवड झाली. पण दिवसभर कालवडीनं आईच्या कासेला तोंड लावलं नाही. बाटलीनंही पिईना.

संध्याकाळी तिला बांधायचं कुठे?

"चलो, चौथा खुंटा मोकळाच आहे," भय्यासाहेब म्हणाले. धीर आला की माणसाला जागा वाया जाताना बघवत नाही.

शनिवारी उजाडताच ते गोठ्यात गेले.

चंपी दुसऱ्या टोकाला, दावणीला बांधलेली. कास तट्ट भरलेली. त्यांनी धार काढून पाहिली. चीक होता, पहिल्या दिवसांचा, हळदीसारखा पिवळा.

कालवड पोट भरून निवांत बसली होती.

तिच्या तोंडाला फेस होता...

पांढराशुभ्र.

आता पहिली मूठ भय्यासाहेब स्वतः टाकतात. कालवडीला तिथून हलवायला कोणाचा हात धजत नाही. रोज संध्याकाळी चंपी हंबरते.

कालवड मान वळवते...

शेजारच्या रिकाम्या जागेकडे.