दिसते का रेघ?

देवासच्या टेकडीच्या पहिल्या पायरीवर इंदू धापा टाकत येऊन पोचली, तेव्हा तिथं एक तरुण आधीच हाताची घडी घालून उभा होता.

"गणोजी कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

"पाय मुरगळलाय त्यांचा. मी त्यांची भाची... धारची." तिनं पदर सावरला. "रेघ बघायला आलेय."

"अरे वा! थोरल्या पातीनं डोळे बदलले म्हणायचे!" तो हसला. "मी भास्कर, धाकट्या पातीचा चुनेवाला. बघा मग. दिसते का?"

इंदूनं समोर पाहिलं आणि पाहतच राहिली. पायऱ्यांपासून पार पलीकडच्या हौदापर्यंत मैदान पसरलं होतं आणि त्याच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पुसटशी पांढरी रेघ. नवरात्रात देवीच्या दर्शनाला गाड्यांची रीघ लागायची. रेघेच्या एका बाजूला थोरल्या पातीच्या बग्ग्या, टांगे, छकडे उभे राहायचे, दुसऱ्या बाजूला धाकट्या पातीचे. एकाच गावात राजघराण्याच्या दोन पाती, दोन राजे, दोन कचेऱ्या, आणि दोघांनाही मान्य असलेली ही एक चुन्याची रेघ! धारमध्ये वाढलेल्या इंदूला हे सगळं अजबच वाटलं.

"दिसते," ती हळूच म्हणाली.

"दिसते," भास्करनं री ओढली. "चला, आज सुट्टी!"

रेघ मारली जायची पाडव्याला. पावसाळाभर ती धुपत जायची. नवरात्राआधी ती पुन्हा कधी मारायची, हे दोन्ही पातींच्या चुनेवाल्यांनी मिळून ठरवायचं, कारण एकट्यानं मारलेली रेघ दुसरी पाती मानायची नाही. म्हणून भाद्रपदात रोज सकाळी दोघांनी या पायरीवर यायचं, बघायचं आणि रेघ अजून दिसते की पुसली, ते एकमतानं सांगायचं; पुसली की मारायची. एकमत झालं नाही, तर दोन्ही पातींचे सामाईक कारकून मोरोपंत स्वतः येऊन बघायचे.

इंदू रोज येऊ लागली. मामाचा पाय बरा होत आला तरी, "राहू द्या हो, मीच जाते," म्हणू लागली. कधी भास्कर तिच्यासाठी सीताफळ आणायचा, कधी ती मामीच्या हातची दशमी. बघायचं काम क्षणात व्हायचं. मग उगाच ढगांकडे बघत दोघं उभे राहायचे.

"तुम्हाला चुना मारायची भारी घाई दिसते," भास्कर एकदा म्हणाला. "रोज डोळे बारीक करून बघता ते!"

"मला?" इंदूचा चेहरा उतरला. "ही रेघ झाली की मामा मला धारला पोचवणार. बाबांनी बदनावरचं स्थळ बघून ठेवलंय... मला तर वाटतं, ती पुसली जाऊच नये कधी."

हातातल्या सीताफळाच्या बिया भास्कर नुसत्या मोजल्यासारख्या चाळवत राहिला.

त्या रात्री धो धो पाऊस कोसळला. सकाळी इंदू पायरीवर आली, तर मैदानात नुसती काळी माती होती. रेघेचा मागमूससुद्धा नव्हता. आता भास्कर खरं बोलणार, आणि त्याचं तरी काय चुकलं?

भास्करनं मैदानाकडे पाहिलं.

"दिसते," तो शांतपणे म्हणाला.

इंदूनं झटकन वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. आपल्यासाठी कुणी नसलेली गोष्ट अशी भरदिवसा बघू शकतं, हे तिला खरंच वाटेना. तिचे डोळे भरून आले.

"हो... दिसते," ती कशीबशी म्हणाली.

आणि मग ती रोजच दिसू लागली. अगदी घट बसायच्या आदल्या दिवसापर्यंत! त्या दिवशी मात्र बाहेरगावच्या गाड्या येऊन थडकल्या.

"अरे भिया, गाडी किधर लगाऊं?" एक गाडीवान माळवी हेल काढून ओरडला. बग्गीच्या दांडीत छकड्याचं चाक अडकलं, बैल उधळले, दोन्ही पातींचे शिपाई एकमेकांवर धावले. मोरोपंत तणतणत पायरीवर आले. मागोमाग काठी टेकत गणोजीमामाही आला.

"काय रे, कुठं आहे रेघ?" मोरोपंत गरजले. "मला तर नुसता चिखल दिसतो!"

दोघांनीही माना खाली घातल्या.

"रोज दिसत होती ना? मग आता दोरीबिरी काही लावायची नाही. जिथं दिसत होती तिथंच मारून दाखवा. वाकडी झाली तर दोघांची कामं गेली म्हणून समजा!"

गाड्या मागे सरल्या. इंदू पायऱ्यांकडून निघाली, भास्कर हौदाकडून. तिनं कुंचा चुन्यात बुडवला आणि समोर पाहिलं. इतक्या दूरवर तो ठिपक्याएवढा दिसत होता, पण त्याच्याकडे जायची वाट तिला लख्ख दिसत होती. इतके दिवस ती दुसरं काय बघत होती? मातीवर पांढरा पट्टा उमटत गेला. आरडाओरडा हळूहळू थांबला. बैलांच्या घुंगरांखेरीज आवाज उरला नाही.

दोघं समोरासमोर आले. मध्ये वीतभर माती उरली होती, आणि दोन्ही टोकं अगदी एकमेकांच्या रोखानं आली होती.

इंदूनं कुंचा वरच धरला.

"जोड ना," भास्कर पुटपुटला. 'तुम्ही'चं आज 'तू' झालं होतं.

"जोडली की... उद्या धारची गाडी."

"ठाऊक आहे. त्याच गाडीत मीही बसणार आहे. तुझ्या बाबांना विचारायला." त्यानं आपला कुंचा खाली ठेवला. "तुला... चालेल?"

खाली वाकून इंदूनं एका फटकाऱ्यात ती वीतभर माती पांढरी करून टाकली.

"दिसते का रे?" पायरीवरून मोरोपंतांची हाक आली. आवाजातला राग कुठल्या कुठं पळाला होता.

"दिसते!" दोघं एकदमच ओरडले.

मामा लंगडत रेघेपाशी आला. ती इथून तिथून एकसारखी सरळ होती. त्यानं रेघेकडे पाहिलं, भाचीच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, चुन्यानं माखलेल्या भास्करकडे पाहिलं. मग तो गाडीवानाकडे वळला.

"भिया, उद्या धारला जायचंय," तो म्हणाला. "तीन सवारी."