थोरला, धाकटा आणि मधली तार

दारावरची घंटा एकदाच वाजली असती तर मास्तरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली नसती. पण ती वाजतच राहिली.

मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांची धाकटी बहीण खाजगी गुप्तहेर. लहानपणी ती भावाला चिमटे काढून काढून खरं वदवून घ्यायची, म्हणून घरात तिचं नाव चिमटा पडलं. मोठेपणी तिने त्याचाच धंदा केला, एवढंच.

दारात एक तरुण बाई धापा टाकत उभी होती. दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

"मला घरभेदी ठरवलंय हो! दुपारी गायिकाबाई परत येणार आहेत. तोवर खरा माणूस सापडला नाही तर मामंजी यंत्रांचं काम माझ्याकडून काढून घेणार. माझं त्या घरात दुसरं काय आहे?"

"आधी बसा," चिमटा म्हणाली. "घाईत सांगितलेलं मला दोनदा ऐकावं लागतं, आणि आपल्याकडे तेवढा वेळ नाही."

ती बसली. एका घरगुती रेकॉर्डिंग स्टुडिओची ती धाकटी सून. नवरा बोटीवर नोकरीला. मामंजी, म्हणजे तिचे सासरे, स्टुडिओचे मालक. तिथले दोन लिनक्स सर्व्हर ती सांभाळायची, आणि लाडाने एकाला थोरला, दुसऱ्याला धाकटा म्हणायची. थोरला पुढच्या खोलीत काचेपाशी. धाकटा मागच्या कुलूपबंद खोलीत. मध्ये दुसरं काहीच नाही, भिंतीतून गेलेली एकच तार.

"गायिकेचा आवाज थोरल्याकडून धाकट्याकडे जातो आणि तिथे रेकॉर्ड होतो. साथीचं संगीत धाकट्यावर साठवलेलं असतं. ते उलट येतं, थोरल्याकडे, आणि गायिकेच्या हेडफोनमध्ये पडतं. तारेवर गर्दी झाली की आवाज तुटतो. म्हणून मी वर्ग पाडलेत. पहिला गाण्याचा, त्याला वाट कायम मोकळी. दुसरा किरकोळ कामांचा. तिसरा बॅकअपचा, तो उरल्या जागेतून सावकाश जातो."

"आणि रांग लावतं कोण?"

"ज्याच्याकडून निघालं तो. थोरला फक्त स्वतः पाठवतो ते रांगेत लावतो. समोरून येणारं त्याच्या हातात नसतं. म्हणून धाकट्यावर वेगळे नियम लिहिलेत."

मास्तरांनी तोवर कागदावर दोन खोकी आणि मध्ये एक रेघ काढली होती. "तार एकच ना? मग नियम दोनदा कशाला?"

"दादा, जिना एकच असला म्हणून वरून उतरणाऱ्यांची रांग खाली उभं राहून लावता येते का?" चिमटा म्हणाली. मास्तरांनी निमूटपणे रेघेवर दोन उलटसुलट बाण काढले.

आदल्या दिवशी सराव होता. भाऊजींनी, म्हणजे मोठ्या दिरांनी, सुनेला वरच्या मजल्यावर पाहुण्यांपाशी बसवलं होतं, वन्संच्या, म्हणजे नणंदेच्या, सोबतीला. सराव रंगात आला आणि गायिकेच्या कानातली साथ फाटल्यासारखी तुटायला लागली. गायिका उठली ती तडक गाडीत जाऊन बसली. मागून भाऊजींनी थोरला उघडून मामंजींना दाखवलं: गाणं पहिल्या वर्गातून काढून तिसऱ्यात टाकलेलं!

"नियम मीच लिहिते, म्हणून मीच बिघडवले. नवं यंत्र मागितलं होतं, मामंजी नको म्हणाले, त्याचा मी सूड घेतला म्हणे. तेव्हापासून सगळं काम बंद आहे. बॅकअपसुद्धा. मला हात लावू देत नाहीत."

"दादा," चिमटा उठलीच होती, "वही घे."

मास्तरांचं काळीज धडधडायला लागलं. या वयात असं काही बरं नव्हे, पण त्यांना ते मनापासून आवडायचं.

स्टुडिओत मामंजी कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून उभे होते. "दुपारपर्यंत," ते एवढंच म्हणाले.

पहिला कानसेन. तो तिथला जुना रेकॉर्डिस्ट. कानाचा पक्का म्हणून हे नाव.

"रेकॉर्डिंग कसं झालं?" चिमटाने विचारलं.

"ऐकाच." धाकट्यावर उतरलेलं गाणं त्याने लावलं. "ठेका चुकलाय, साथ तुटत होती म्हणून. पण आवाजावर ओरखडा आहे का कुठे?"

नव्हता. मास्तरांसारख्या कच्च्या कानाच्या माणसालाही ते कळलं.

"त्या गात असताना तुम्हाला दिसत होत्या?"

"मला इथून नुसती पाठ दिसते. उठल्या तेव्हाच कळलं."

मग वन्सं. त्या आल्या त्याच कमरेवर हात ठेवून. "आमचं दोघींचं रोज वाजतं, ते आधीच सांगते. हिच्या रांगाबिंगा मला कळत नाहीत. पण सरावभर ही माझ्याशेजारी बसून होती, आणि मी हिच्याशेजारी. आता लिहून घ्या!"

भाऊजी मात्र गोड माणूस. खांद्यावरची बॅग न उतरवता त्यांनी मास्तरांना खुर्चीसुद्धा सरकवून दिली. "मी तेव्हा रस्त्यावर फोनवर होतो हो. आत आलो तर गाडी निघालेली. जिवाला लागलं. एवढी मोठी बाई हेडफोन मांडीवर ठेवून कपाळ धरून बसते, याचा अर्थ काय?"

"खरंच," चिमटा हळहळली. "मागच्या खोलीत कोणी जाऊ शकतं?"

"छे! किल्ली बाबांच्या कमरेला. आम्ही थोरल्यावरूनच काय ते बघतो."

चिमटाने मास्तरांना कामाला लावलं. प्रत्येक खुर्चीवर बसून तिथून काय दिसतं ते काढायचं. कानसेनच्या खुर्चीवरून गाणाऱ्याच्या जागेची पाठ. दारातून नुसता पडदा. थोरल्यापुढच्या खुर्चीवरून, बाजूच्या काचेतून, गाणाऱ्याचं तोंड अगदी समोर.

"यंत्र मोजतं का हो, कुठल्या वर्गातून किती गेलं ते?" चिमटाने सुनेला विचारलं.

"मोजतं की! नियम नव्याने लावले की मोजणीही नव्याने सुरू होते." मामंजींनी मान हलवली तशी तिने थोरल्यावर आकडे काढले. पहिल्या वर्गापुढे शून्य. तिसऱ्यापुढेही शून्य.

"आता मागची खोली."

मामंजींनी कुरकुरत कुलूप काढलं. धाकट्यावर गाण्याचा आकडा नेहमीसारखा होता. पण खाली, वर्गाबाहेर थेट गेलेल्याच्या पुढे, पडद्याच्या कडेला लागेल एवढी मोठी संख्या. सुनेचा चेहरा पडला.

"ओळखू न आलेलं आहे हे. त्याला रांगच नसते, ते गाण्याच्याही पुढे जातं. अनोळखी ते तिसऱ्यात टाका, अशी शेवटची ओळ मी लिहायला हवी होती. राहिली. चूक माझीच." मग ती एकदम ताठ झाली. "पण बॅकअप तर ओळखीचा आहे! नियम नाही तो एका सामायिक फोल्डरला, आणि तो दिवसा कोणी वापरत नाही. मग एवढं अनोळखी गेलं काय?"

"वा!" चिमटाने आनंदाने मास्तरांच्या दंडाला चिमटा काढला. मास्तर कळवळले, पण त्यांना काही उलगडलं नव्हतं.

दुपारी गायिकाबाई आल्या. चिमटाने सगळ्यांना काचेभोवती उभं केलं.

"बाई, एक ओळ गा. सूनबाई, थोरल्याचे बिघडवलेले नियम तसेच राहू द्या, आणि थोरल्याकडून बॅकअप सोडा. होऊ दे गर्दी."

गायिका गायला लागली. मास्तर श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होते. आता थांबेल, मग थांबेल... ती थांबलीच नाही. पूर्ण ओळ गाऊन हसली. "आज साथ किती सुरेख येतेय!"

"कानसेन, रेकॉर्ड झालेलं लावा."

खोलीभर तुटका, खरखरता आवाज पसरला. कानसेनने कानावर हात ठेवले.

"अहो, हे तर उलटं झालं!" मास्तर ओरडले.

"अगदी उलटं, दादा. थोरल्यावरचा बिघाड थोरल्याकडून निघालेल्यालाच बाधतो. तो काल सरावाच्या वेळी असता, तर रेकॉर्डिंग फाटलं असतं आणि हेडफोन स्वच्छ राहिला असता. काल रेकॉर्डिंग स्वच्छ होतं. शिवाय दोन्ही वर्गांपुढे शून्य, म्हणजे हे नियम लावल्यावर गाण्याचा एक सूरही तिथून गेलेला नव्हता. नियम सरावानंतर लावलेत. कशाला? सुनेच्या माथी मारायला."

"मग साथ कशाने तुटली?" मामंजींनी विचारलं.

"धाकट्याकडून कोणीतरी भलंमोठं काही ओढत होतं. बॅकअप नव्हे, साध्या सामायिक फोल्डरमधून. तो दिवसा कोणी वापरत नाही, म्हणून त्याला नियम नव्हता, म्हणून ते सगळ्यांच्या पुढे घुसलं. मागची खोली बंद होती. म्हणजे ओढणारा थोरल्यापुढे बसला होता. सून आणि वन्सं वर होत्या. कानसेन त्याच्या जागेवर. मामंजींकडे तर मागच्या खोलीची किल्लीच आहे, त्यांना थोरल्यावरून ओढायची गरज नाही. बाई, तुम्ही उठायच्या आधी काय केलंत?"

"हेडफोन मांडीवर ठेवला. कपाळ धरून बसले जराशी."

"कोणाला सांगितलंत हे?"

"कोणाला सांगणार? तडक निघाले की."

चिमटा वळली. "भाऊजी, रस्त्यावरून भिंतीपलीकडचं दिसतं का हो?"

मास्तरांनी धडपडत वहीतलं पान उघडलं. ते दृश्य फक्त एकाच खुर्चीवरून दिसत होतं.

भाऊजींचं गोड हसू पार उतरलं. "तार एकच आहे," ते पुटपुटले. "मला वाटलं, नियमही एकच असतील."

"सूनबाईंना एकदा विचारायचं होतंत," चिमटा म्हणाली. "पण मग सगळंच विचारावं लागलं असतं. आता खांद्यावरची बॅग उघडा."

बॅगेतून एक डिस्क निघाली. तिच्यात स्टुडिओतली जुनी गाणी होती, बहुतेक सगळी या गायिकेचीच. भाऊजींना वेगळा स्टुडिओ थाटायचा होता, तिचं नाव आणि तिचा तरुणपणीचा आवाज घेऊन. सराव चालू असताना सगळ्यांचे कान गाण्याकडे असतात, हीच वेळ त्यांनी साधली होती.

गायिका डिस्ककडे बघत राहिली. "माझं गाणं पळवण्यासाठी माझंच गाणं मोडलंस?"

वन्संनी भाऊजींकडे पाठ फिरवली आणि भावजयीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

सुनेला आता कशाचीच शुद्ध नव्हती. तिने थोरल्याचे नियम सरळ केले, मागे पळाली, धाकट्यावर राहिलेली ती ओळ लिहिली. मग त्याच फोल्डरमधून मुद्दाम धबाधबा माल ओढायला लावला आणि काचेपाशी येऊन उभी राहिली.

"गा बाई," ती म्हणाली.

गायिकेने सूर लावला. एक कडवं झालं, दुसरं झालं. साथ तुटली नाही, ठेका हलला नाही. गाणं संपल्यावर कानसेनने रेकॉर्डिंग लावलं. ओरखडा नव्हता. तो डोळे पुसायला लागला, आणि मास्तरांनाही काही नीट दिसेना.

मामंजी सुनेपुढे आले. त्यांनी कमरेचा जुडगा सोडला आणि मागच्या खोलीची किल्ली काढायला लागले. कडी इतक्या वर्षांत घट्ट बसली होती, निघेचना.

"राहू द्या मामंजी," ती रडत हसली. "मी रोजच्यासारखी सकाळी मागून घेईन."

"मागायची नाही," म्हातारा गुरगुरला. त्याने दातांनी कडी फाकवली, आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.