तांडेलवाडीचा नकाशा आणि एक मोघम शब्द

‘योग्य’ म्हणजे नेमकं काय? या एका शब्दावर बारा वर्षांची केतकी अडून बसली होती.

साल २०६१. तांडेलवाडीच्या मच्छीमारांनी तीन पिढ्या खपून एक नकाशा बनवला होता. कोणते मासे समुद्रात कुठे अंडी घालतात, ते त्यात होतं. एका संशोधन संस्थेला तो आपल्या यंत्रमाशांसाठी (पाण्याखाली पोहून नोंदी घेणाऱ्या यंत्रमानवांसाठी) हवा होता. पण तोच नकाशा मोठ्या ट्रॉलरवाल्यांच्या (अवाढव्य जाळी ओढणाऱ्या बोटींच्या मालकांच्या) हाती पडला, तर एका हंगामात समुद्र रिकामा झाला असता. संस्थेने वाडीपुढे ठेवलेल्या करारात मात्र एवढंच लिहिलं होतं, ‘संस्था योग्य सुरक्षा प्रोटोकॉल पाळेल.’

“आजोबा, प्रोटोकॉल म्हणजे कुलूप का?”

तिचे यशवंतआजोबा सागरशास्त्रज्ञ. ते म्हणाले, “नाही गं. कुलूप कोणी लावायचं, किल्ली कोणाकडे, ती हरवली तर काय करायचं, याची आधी ठरलेली पद्धत म्हणजे प्रोटोकॉल. वादळाचा बावटा चढला की आपण काय करतो?”

“होड्या परत आणतो, माणसं मोजतो. कोणी कमी भरलं तर तटरक्षकांना कळवतो.”

“आणि नियम नुसता ‘योग्य काळजी घ्या’ असा असता तर?”

“जो तो मनाला येईल ते करेल!”

“शिवाय चूक कोणाची, तेही ठरणार नाही. पद्धत करारात लिहिली की तिचं वचन होतं. मोडलं, तर न्यायालयात जाब विचारता येतो.”

करारावर सह्या करायला भरलेल्या सभेत केतकीने ‘योग्य’ म्हणजे काय ते विचारलं. संस्थेच्या डॉ. बाम म्हणाल्या, “बाळ, हे नेहमीचंच वाक्य आहे.”

केतकी उभी राहिली. “नकाशा कोण उघडणार? तो कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारा) असेल का? चोरीचा प्रयत्न झाला, तर आम्हाला किती तासांत कळवाल? काम संपल्यावर प्रत पुसाल का?”

डॉ. बाम यांनी करार पुढे ओढला. दोनच संशोधक, दोघांच्या किल्ल्या एकत्र लागल्या तरच नकाशा उघडेल, दोन तासांत खबर, शेवटी प्रत नष्ट: सगळं कलमांत उतरलं.

पाच महिन्यांनी कोणीतरी एक किल्ली चोरली. दीड तासात वाडीला निरोप आला. दुसरी किल्ली नसल्याने नकाशा उघडलाच नव्हता.

मग शेजारच्या गावांनीही आपले नकाशे करायला घेतले आणि करार वाचायला केतकीला बोलावलं. आजोबा सोबत निघाले. पहिल्याच गावच्या धक्क्यावर कोणीतरी विचारलं, “आपण ते प्रसिद्ध शास्त्रज्ञ ना?”

आजोबा ताठ उभे राहिले. “मी केतकीचा आजोबा.”