चालू राहिलेला इंडिकेटर

त्याने माझ्या गाडीच्या टपावर थाप मारली, तेव्हा त्याची निदान तीन वाक्यं बोलून झाली असावीत. मी दचकून वळले. खिडकीत एक तरुण उभा होता... हात लाल, शर्ट लाल, कपाळावर लाल फराटा.

"रक्त!" मी किंचाळले.

"रास्पबेरी," तो म्हणाला. "सहा क्रेट. रक्त निघालं नाही ही देवाची कृपा. तुमची नव्हे."

"मी काय केलं?"

"काय केलं? बाई, तुम्हीच मला पुढे जा म्हणालात!"

मी खाली उतरले. माझी आकाशी रंगाची म्हातारी गाडी, आजोबांकडून आलेली, रस्त्याच्या कडेला घरघरत उभी होती आणि तिचा उजवा इंडिकेटर इमानदारीत लुकलुकत होता. पेट्रोल भरून बाहेर पडताना दिलेला. आठ किलोमीटर मागे.

आमच्या इवान्यित्सा गावाजवळच्या घाटात कोणी लिहून न ठेवलेली एक रीत आहे. पुढची गाडी हळू चालत असली, की तिचा चालक समोरचा रस्ता बघतो आणि मोकळा असला तर उजवा इंडिकेटर देतो. मागच्याने समजून घ्यायचं, जा बाबा खुशाल. कोण कुठला तो अनोळखी माणूस, पण लोक त्याच्या भरवशावर बेलाशक पुढे घुसतात. हाही घुसला. वळणावर समोरून ओंडक्यांचा ट्रक आला. त्याने करकचून ब्रेक दाबला, कसाबसा माझ्या मागे परतला, आणि रास्पबेरींचं जे व्हायचं ते झालं.

मला रडू फुटलं. तो गांगरला.

"अहो... रडताय काय? मी जिवंत आहे. फक्त चिकट झालोय."

त्याचं नाव रेल्या. गावाबाहेरच्या शीतगृहात तो वीजतंत्री होता आणि रास्पबेरीच्या हंगामात व्हॅनही चालवायचा. मी नेदा, आरोग्य केंद्रातली फिरती नर्स. डोंगरावरच्या अकरा वाड्यांतल्या म्हाताऱ्यांना इंजेक्शन देणं, जखमा धुणं आणि त्यांच्या सुनांच्या तक्रारी ऐकणं हे माझं काम. तिथे बस जात नाही. गाडी नाही तर फेरी नाही, आणि फेरी नाही तर मी कोण, हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

"मी आता गाडी चालवणार नाही," डोळे पुसत मी म्हणाले.

"म्हातारी बहिरी झाली म्हणून तिला घराबाहेर काढता का?" तो गाडीकडे बोट दाखवत म्हणाला. "चार दिवस माझ्याकडे द्या. इंडिकेटर चालू राहिला तर तुम्हाला झोपेतही कळेल."

बहिरी हा शब्द ऐकून माझे कान तापले. दोन्ही.

गाडी दुरुस्तीला आहे असं सांगून ते चार दिवस मी केंद्रातच काम केलं, आणि सुटलं की शीतगृहाच्या मागच्या अंगणात जाऊन बसायची. सबब गाडीची होती. तो डॅशबोर्डखाली डोकं घालून वायरी ओढायचा, मधूनच मान वर करून बघायचा... आणि मी घाईघाईने लिंडनच्या झाडाकडे बघायची. त्याची आई चमचाभर रास्पबेरीचा पाक आणि गार पाण्याचा पेला आणून द्यायची. "खा ग, तुझ्याच कृपेने एवढा झालाय," म्हणायची. 'अहो-जाहो' दुसऱ्या दिवशीच गळून पडलं.

"वळल्यावर इंडिकेटरची ही दांडी आपोआप परत यायला हवी," तो म्हणाला. "आतला दात झिजलाय, तो बदलतो. पण बेताचं वळण असेल तर नवा दातही फसतो. डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा म्हणशील, तर मसुराएवढा. उन्हात दिसणार कसा? आणि टिकटिक इंजिनाच्या आवाजात बुडून जाते."

"मग?"

"मोठा नारिंगी दिवा, थेट नजरेसमोर. आणि सुतारपक्ष्यासारखी टिकटिक."

तिसऱ्या दिवशी त्याने मला चालकाच्या जागेवर बसवलं, इंजिन सुरू करायला लावलं आणि स्वतः डॅशबोर्डखाली वाकला. नारिंगी दिवा झकास लुकलुकायला लागला.

"टिकटिक येतेय ऐकू?" त्याने वर बघून विचारलं.

"हो. अगदी स्पष्ट."

"नक्की?"

"कटकट वाटावी इतका स्पष्ट!"

तो हळूच उठून बसला. त्याच्या चिमटीत वायरचं उघडं टोक होतं.

"नेदा, मी टिकटिक अजून जोडलीच नाही."

मी इंजिन बंद केलं. अंगणात इतकं शांत झालं की काय सांगू... निदान मला तरी तसं वाटलं.

मग मी सांगितलं. बाराव्या वर्षी गालगुंड झालं आणि डावा कान कायमचा गेला. उजवाही बारीक आवाज सोडून देतो. नोकरीच्या अर्जात लिहिलं नाही. इतकी वर्षं मी प्रत्येकाच्या डाव्या बाजूला बसते, ओठ वाचते, सगळे हसले की हसते.

"एकदा कळलं ना, की लोक ओरडून बोलायला लागतात," मी म्हणाले. "जणू मी डोंगरापलीकडे उभी आहे."

मला वाटलं, आता हा ओरडेल. किंवा कीव करेल, ते त्याहून वाईट. त्याने हातातली वायर गुंडाळून बाजूला ठेवली.

"मला राग आलाय," तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला. "तुझ्या कानाचा नाही. काल दिवसभर मी चुकीचं काम करत बसलो, त्याचा. आधी सांगितलं असतंस तर तुझ्या कानाच्या मागे लागलोच नसतो."

"मग कशाच्या लागला असतास?"

त्याचे कान लाल झाले. या वेळी रास्पबेरीचा संबंध नव्हता.

चौथ्या दिवशी नारिंगी दिवा तसाच होता, पण टिकटिक गायब होती. आसनाच्या पाठीत, कापडाखाली, त्याने जुन्या मोबाईलमधल्या थरथरणाऱ्या दोन चिमुकल्या मोटरी शिवल्या होत्या. मी उजवा इंडिकेटर दिला. माझ्या उजव्या खांद्यावर कुणीतरी बोटाने हळूच टकटक केली. डावा दिला, तर डाव्या. लहानपणापासून डावीकडून कोणी हात लावला की माझा जीव उडतो. या वेळी उडाला नाही. दांडी मधे आणेपर्यंत ते बोट थांबायला तयार नव्हतं.

"कळतंय?" त्याने विचारलं.

"कळतंय," मी म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते खरं होतं.

मी आनंदाने पिशवी उचलली, तर त्याने किल्ली हातातच धरून ठेवली.

"गाडी झाली. आता केंद्रात जाऊन सांग."

"कशाला? आता काही चूक होणार नाही."

"त्या ट्रकमधेही माणूस होता, नेदा."

मी चिडले. काढून टाकतील मला, तुझं काय जातंय, वीजतंत्र्याने विजेचं बघावं... खूप काही बोलले. त्याने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "ठीक आहे. तू ठरव." याच्यावर भांडण तरी कसं करायचं? रात्रभर मला तो ओंडक्यांचा ट्रक दिसत राहिला.

सकाळी मी देसांका सिस्टरच्या, म्हणजे आमच्या मुख्य नर्सच्या, टेबलासमोर उभी राहून सगळं सांगितलं. कान, अर्ज, घाट, ट्रक. तिने चष्मा काढला.

"कानाचं मला सात वर्षं माहीत आहे," ती म्हणाली. "बैठकीत तू त्याच खुर्चीसाठी सगळ्यांच्या आधी येतेस. कामात खोट नव्हती, म्हणून बोलले नाही. पण इंडिकेटरचं तू आज सांगितलं नसतंस आणि मला बाहेरून कळलं असतं, तर तुझी फेरी मी स्वतः काढून घेतली असती. चल, दाखव ती गाडी."

ती चालकाच्या जागेवर बसली. तिने इंडिकेटर दिला आणि "अगं बाई!" म्हणून ताडकन उडाली. मग पुन्हा दिला. मग पुन्हा. शेवटी पदर सावरावा तसा डगला सावरत उतरली. "डॉक्टरांकडून कान तपासून घे, कागद मला आणून दे. आणि वरच्या वाडीतल्या आजी तुझी वाट बघतायत," म्हणाली आणि आत गेली.

रेल्या समोरच्या कुंपणाशी व्हॅनला टेकून उभा होता. पहाटेपासून असावा.

"काय झालं?"

"फेरी माझीच राहिली." मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. आज सगळं सांगून टाकायचाच दिवस होता. "आणि अजून एक लपवलेलं आहे. चार दिवस. मला तू आवडतोस, रेल्या. अगदी मनापासून."

मग त्याने कानामागे हात धरला, दोन्ही कान ठणठणीत असलेल्या त्या लबाड माणसाने, आणि चेहरा माझ्या अगदी जवळ आणला.

"नीट ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "पुन्हा सांग ना..."

मी पुन्हा सांगितलं.