आमच्या गच्चीवरचा डबा

वाळत घातलेलं अस्तराचं कापड काढायला गच्चीवर गेले, तर पाण्याच्या टाकीपाशी एक अनोळखी माणूस. दातांत पेचकस, हातात पांढरा डबा.

"आत्यांनी वर जायला सांगितलं," पेचकस काढून तो म्हणाला.

"आत्या सगळ्यांनाच हो म्हणते. मी नाही म्हणत."

तो गालातल्या गालात हसला. असल्या हसण्यावर माझा विश्वास नव्हता. माझं ठरलेलं लग्न एका गोड हसणाऱ्याच्या थापांपायीच मोडलं होतं, आणि दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून मी बरी आणि माझं शिलाई मशीन बरं.

त्याने समजावून सांगितलं. गावात तारा न ओढता इंटरनेट आणायचं होतं. शाळेवरचा डबा गिरणीवरच्या डब्याला देणार, गिरणीचा आमच्या डब्याला, आमचा खालच्या आळीला. आमचा बंद पडला तर खालची आळी बंद, म्हणून त्याला अधूनमधून तपासायला यावं लागणार होतं.

अधूनमधून म्हणजे दिवसाआड. डबा कधी जरा डावीकडे, कधी जरा उजवीकडे. पाऊस भुरभुरत असला तरी हा वर जायचा, आणि उतरताना माझ्या मशीनपाशी घुटमळायचा.

"हा निळा रंग छान दिसतो—"

"कापडावर?"

"...कापडावरही."

माझे कान तापायचे, आणि संशयही तेवढाच वाढायचा. त्यात आत्या म्हणाली, बाकीच्या घरी तो एकदाच गेला होता. म्हणजे खोट एकतर डब्यात होती, नाहीतर माणसात.

शेवटी एका दुपारी मी डब्याची विजेची वायर काढून टाकली आणि खालच्या आळीत नर्सताईंकडे गेले. त्या मोबाइलवर डॉक्टरांशी बोलत होत्या. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. एक डबा बंद पडला तर नेट दुसऱ्या डब्याकडून वाट काढतं, असं ताईंनी सांगितलं. त्यांना हे त्यानेच सांगितलं होतं, अगदी पहिल्या दिवशी.

घरी येईपर्यंत माझे डोळे भरले. पुन्हा थापाड्याच भेटला होता, आणि पुन्हा तो मला आवडून बसला होता.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी मशीन थांबवलं नाही.

"डबा बंद आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. कालच कळलं."

"मग काल का नाही आलात?"

"काल आलो असतो तर अजून एक थाप मारली असती." तो खाली बघत होता. "नेटच्या जाळ्याला तुमच्या गच्चीची गरज नाही... मला होती. यायला दुसरं निमित्त सुचेना."

मला विरघळायला झालं. पण एकदा फसलेलं मन असं सहजी ऐकत नाही.

"डबा काढून न्या," मी म्हटलं. "उद्यापासून या घरात तुमचं काही काम नाही. तरीही आलात, तर बघू."

त्याचा चेहरा पडला. तो वर गेला, डबा काढला आणि निघून गेला. त्या संध्याकाळी मी एका झंपरला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

सकाळी तो रिकाम्या हातांनी दारात उभा होता. आत्याने विचारलं, आज काय बिघडलं?

"काहीच नाही, आत्या," तो म्हणाला. "हिला भेटायला आलोय."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मी उसवायला घेतलेली बाही बाजूला ठेवली आणि तिच्यादेखतच म्हटलं, "ये, बस. मी वाटच बघत होते."