ताकातली कडू पूड

"सुनेनं माज्या लेकाला ताकातनं विष घातलंय! आदी तिला धरा!"

धनलक्ष्मीबाईंचा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला. नवी पेठेत कापडाच्या दुकानात काम करणारा त्यांचा शिवू खाटेवर हळदीसारखा पिवळा पडला होता. हवालदार सयाजी वही उघडून उभेच. सून अंकिता माढ्याची, परजातीची, पळून जाऊन लग्न केलेली. संशयाला आणखी काय लागतं हो! सासूनं तिला दाराबाहेरच अडवलं होतं.

खरं सांगायचं तर डॉ. सिद्धेश्वरींनाही पोरीचाच संशय आला.

"ताकात काय घालत होतीस?"

"काडेचिराईताची कडू पूड. ताप आल्यावर दिली. डबा घरात हाय, तपासा की."

डॉक्टरांनी डबा मागवला. पण शिवूचा तक्ता बघून त्या थबकल्या. ताप एकशेतीन आणि नाडी फक्त अठ्ठ्याहत्तर! एवढ्या तापात नाडी धावायला हवी होती.

"डोळे पिवळे झाल्यावर ताप उतरला का?"

"न्हाय, उलट चढला," धनलक्ष्मीबाई म्हणाल्या.

"घरात स्वयंपाक कोण करतं?"

"ती. पन मी तिच्या हातचं खात न्हाय. माजी चूल येगळी."

"आणि शिवू?"

बाई घुटमळल्या. "दुकानाला जायच्या आदी माज्या खोलीत येतो. दहीभात कालवून भरवते. आई हाय मी."

"तुम्हाला कधी मोठा ताप आला होता?"

"गेल्या वर्सी, म्हैनाभर. बरं वाटल्यावर गोळ्या सोडल्या. आता तळलेलं खाल्लं की हितं दुखतं, तेवढंच." त्यांनी उजव्या बरगडीखाली हात ठेवला.

शिवूला त्याच दिवशी औषध सुरू झालं. मायलेकांचे नमुने प्रयोगशाळेत गेले, बाईंच्या पोटाची सोनोग्राफीही झाली.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना वॉर्डाच्या दाराशी बोलावलं.

"पूड निव्वळ काडेचिराईत निघाली. नेहमीच्या काविळीत डोळे पिवळे होईतो ताप बहुधा उतरतो. इथं तो चढला आणि नाडी संथ राहिली. शिवूच्या रक्तात टायफॉइडचा जंतू सापडला. त्यानंच यकृत सुजलं."

"पन अंकिताच्या हातचं तर तीबी खाते. ती धडधाकट कशी?" सयाजींनी विचारलं.

"म्हणूनच तिच्या जेवणावरचा संशय फिटला. फक्त शिवूनं खाल्लं ते काय? दहीभात. बाई, तुमच्या पित्ताशयात खडे आहेत आणि शौचाच्या तपासणीत टायफॉइडचाच जंतू आहे. गेल्या वर्षीच्या तापाचा तो जंतू त्या खड्यांत दडून राहिला. तो तुमच्या हातातून घासात गेला. तुम्हाला ठाऊक नव्हतं, पण गेला."

धनलक्ष्मीबाईंनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. "अगं बाई! मीच व्हय?"

"पाच दिवस मला खुनी म्हणालात," अंकिताला रडू आवरेना. "लई वाईट वाटलं. पन आता तरी मला त्यांच्यापाशी जाऊ द्या."

सासू दारातून बाजूला झाली.

"जा पोरी. मी थांबते भाईर."