राखाडी टोपणाखालची गुठळी

घड्याळजी दुकानात बेशुद्ध सापडले तेव्हा त्यांची साखर सहाशेच्या वर होती. कालचा रिपोर्ट सांगत होता, नव्वद.

इन्स्पेक्टरने दोन्ही कागद लॅबवाल्या बाईंसमोर आपटले. मागे घड्याळजींची सून उभी होती.

"यांना इन्सुलिनचं इंजेक्शन कोण द्यायचं?" त्याने सुनेला विचारलं.

"मीच. रिपोर्ट चांगले यायला लागले, तसा डॉक्टरांनी डोस कमी केला. मग बंदच केला."

"साखर ठीक होती, तर सहाशे कशी झाली? काय खाऊ घातलंत?"

"बाबांचा जीव मी घेईन? मृत्युपत्रात दुकान माझ्या नावावर केलंय त्यांनी!"

"तेच म्हणतोय मी," इन्स्पेक्टर म्हणाला. सुनेला रडू फुटलं.

रिपोर्टवर सही बाईंची होती. त्यांनी फ्रीजमधून कालची राखाडी टोपणाची नळी काढून आडवी धरली. रक्त हललं नाही.

"रक्त घरी येऊन कोण काढतं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"बाबांचा पुतण्या. कंपाउंडर आहे ना तो. दर सोमवारी येतो."

काल मंगळवार होता.

इन्स्पेक्टरने बोलावल्यावर तासाभरात कंपाउंडर रक्त काढायच्या सामानाची पिशवी घेऊन हजर झाला, काकांच्या काळजीने अर्धा झाल्यासारखा.

"साहेब," बाई म्हणाल्या, "रक्त नळीत काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंतच असतात. शरीरात त्यांची एन्झाइम साखर फोडून वापरतात, तशी नळीतही फोडत राहतात. नवी साखर मिळत नाही, असलेली मात्र संपत जाते. म्हणून राखाडी टोपणाच्या नळीत एक पूड असते. ती या एन्झाइमांना थोपवते, शिवाय रक्त पातळ ठेवते. हे तर गोठलंय. म्हणजे नळी साधी, फक्त टोपण राखाडी. त्यात सोमवारचं रक्त दिवसभर उबेत ठेवून मंगळवारी माझ्याकडे आणलं."

"टोपण चुकून बदललं असेल," कंपाउंडर म्हणाला.

"सहा आठवडे?"

इन्स्पेक्टरने पिशवी उपडी केली. सहा नळ्या घरंगळल्या. तळाशी पूड तशीच होती, टोपणं नव्हती.

"लहानपणापासून राबलो मी त्या दुकानात!" कंपाउंडर ओरडला. "आणि दिलं कुणाला? सुनेला!"

सून केव्हाच हॉस्पिटलकडे धावली होती. इन्स्पेक्टरने जबाब लिहायला घेतला.

"माझंही नाव घाला, साहेब," बाई म्हणाल्या. "राखाडी नळीत गुठळी असूच नये. मशीन अडतं म्हणून दर मंगळवारी मीच ती काडीने बाजूला सारली, आणि खाली सही केली."